वजन कमी करणारे टीव्ही शो: डाएट करणाऱ्यांनी बघावेत का?

द बिगेस्ट लूजर, एक्स्ट्रीम मेकओव्हरची वेट लॉस एडिशन, माय ६००-पाउंड लाईफ, हे सगळे शो मी भरपूर बघितलेत आणि तेही स्वतः डाएट चालू असताना, त्यामुळे एडिटिंग कसं, म्युझिक कसं, होस्ट कसा यावर मी फार काही लिहिणार नाहीये. मला एवढंच बघायचंय की रात्री एपिसोड बघून झोपलेल्या, नोकरी-घर सांभाळून दहा-पंधरा किलो कमी करू बघणाऱ्या साध्या माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उपयोग होतो की त्याचं मन मोडतं.

सुरुवात बिगेस्ट लूजरपासून, कारण बाकी सगळ्यांनी थोडंफार त्याच्यावरूनच उचललंय. अमेरिकेत २००४ मध्ये एनबीसीवर सुरू झाला, २०१६ पर्यंत चालला, जिंकणाऱ्याला अडीच लाख डॉलर. फॉर्म्युला सगळ्यांना माहितीये, भरपूर वजन असलेली माणसं घरदार सोडून एकत्र राहायला येतात, ट्रेनर रोज कित्येक तास घाम काढतात, आठवड्याच्या शेवटी त्या भल्यामोठ्या काट्यावर उभं राहायचं, आकडे वरखाली फिरतात, आणि टक्केवारीत मागे पडलेल्यांमधलं कुणीतरी घरी जातं.

आता चांगलं आधी सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. ज्या माणसाला वर्षानुवर्षं सगळ्यांनी सांगितलंय की तुझ्याच्याने काही होणार नाही, तो माणूस ट्रेडमिलवर चालताना दिसतो, नंतर पळताना दिसतो, लेकराबरोबर पहिल्यांदा खेळताना दिसतो, तेव्हा डोळ्यात पाणी येतंच आणि आपणही उठावंसं वाटतं. एवढं वजन असलेली माणसं टीव्हीवर हिरो म्हणून दिसणं ही सुद्धा छोटी गोष्ट नाही, एरवी त्यांना फक्त विनोदी कामं मिळतात. एपिसोड संपल्यावर बूट घालून चालायला गेलेली माणसं मी बघितलीत, मीही गेलेय, आणि ती ऊर्जा खोटी नसते.

प्रॉब्लेम सुरू होतो तो काट्यावर. शोमध्ये पहिल्या आठवड्यात कुणाचं आठ किलो उतरतं, कुणाचं दहा, आणि पुढे कधीतरी एखाद्याचं फक्त एक किलो उतरलं की कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, म्युझिक बदलतं, टीममेट मान खाली घालतात, तो स्वतः सॉरी म्हणतो. एका आठवड्यात एक किलो! डॉक्टर आणि डाएटिशियन साधारण आठवड्याला अर्धा ते एक किलो हाच चांगला वेग मानतात, म्हणजे शो ज्याला अपयश म्हणून दाखवतो तो तुमच्या-माझ्यासाठी एकदम मस्त आठवडा आहे. मग असा एपिसोड बघून सकाळी आपण आपल्या काट्यावर उभे राहतो, ४०० ग्रॅम कमी दिसतात, आणि आनंद व्हायच्या जागी वाटतं, बस एवढंच? माझ्या मते या शोंनी साध्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान केलंय ते हे, चांगल्या चाललेल्या डाएटला फेल ठरवणारी मोजपट्टी त्यांनी आपल्या डोक्यात बसवली, आणि गंमत म्हणून बघणाऱ्याच्या नाही तर मनापासून प्रयत्न करणाऱ्याच्याच डोक्यात ती जास्त घट्ट बसते.

थोडं गणित करूया, त्याने मला खूप शांत वाटलं होतं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्यात अर्धा किलो चरबी घालवायची तर रोज साधारण ५५० कॅलरी कमी पडायला हव्यात, हे जमण्यासारखं आहे. आठवड्यात दहा किलो चरबी घालवायची तर रोज ११,००० कॅलरींची तूट लागेल, आणि एवढी तर ते धिप्पाड स्पर्धक सुद्धा दिवसभरात जाळत नाहीत. मग ते दहा किलो जातात कुठून? त्यात बराच भाग पाण्याचा असतो. एकदम खाणं कमी केलं की शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपतं, ते स्वतःच्या जवळपास तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवतं, ते पाणीही जातं. शिवाय सुरुवातीचं वजनच १५०-२०० किलो असेल तर पडणारा आकडा मोठाच असणार. यातलं काहीच स्क्रीनवर त्या क्षणी सांगत नाहीत, फक्त आकडा दाखवतात आणि टाळ्या.

आणि नंतर काय झालं? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केविन हॉल यांच्या टीमने २००९ च्या आठव्या सीझनमधल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी परत तपासलं, रिझल्ट २०१६ मध्ये आले. स्पर्धेत त्यांचं सरासरी ५८ किलो कमी झालं होतं, त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं होतं. नुसतं बसून राहिल्यावर शरीर जेवढ्या कॅलरी खर्च करतं तो खर्च त्यांच्या आकाराच्या माणसाला अपेक्षित असतो त्यापेक्षा रोज जवळजवळ ५०० कॅलरींनी कमी होता, सहा वर्षांनंतर सुद्धा! पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन नावाचं हार्मोन स्पर्धा संपली तेव्हा अगदी तळाला गेलेलं होतं, नंतरही ते पूर्वीइतकं झालं नव्हतं, म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. त्या सीझनचा विजेता साधारण १९५ किलोवरून ८७ वर आला होता, त्याचं ४५ किलोपेक्षा जास्त वजन परत आलं. लोक लगेच म्हणतात मनावर ताबा नाही, आळशी झाला. हे ऐकून मला खरंच राग येतो, कारण ज्याचं शरीर रोज इतक्या कमी कॅलरीत भागवतंय आणि वर जास्त भूक लावतंय त्याच्या नुसत्या तिथे टिकून राहण्यातही केवढी मेहनत असेल.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्या १४ पैकी निम्म्याहून जास्त लोकांचं वजन सहा वर्षांनी सुद्धा सुरुवातीपेक्षा किमान १० टक्क्यांनी कमी होतं. इतकं वजन इतकी वर्षं कमी राहणं तब्येतीच्या दृष्टीने खूप मोठी गोष्ट आहे. आणि २०१७ मध्ये याच मंडळींवर आलेल्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांचं वजन टिकलं त्यांची शारीरिक हालचाल सुरुवातीपेक्षा खूपच वाढलेली राहिली होती, ज्यांचं परत आलं त्यांची थोडीशीच. म्हणजे ‘सगळ्यांचंच परत येतं, मग कशाला करायचं’ हा निष्कर्ष पण चुकीचाच आहे.

बघणाऱ्यांवर काय परिणाम होतो यावरही काम झालंय. २०१२ मधल्या एका प्रयोगात काही जणांना या शोचा एकच एपिसोड दाखवला तर त्यांच्यात जाड माणसांबद्दलची नावड वाढली, आणि वजन म्हणजे पूर्णपणे माणसाच्या स्वतःच्या हातातली गोष्ट हा समज पण पक्का झाला. कॅनडातल्या संशोधकांना दिसलं की शोमधली क्लिप बघितल्यावर व्यायामाबद्दलचं मतच खराब होतं. मला याचं नवल वाटत नाही, कारण व्यायाम म्हणजे ओरडणारा ट्रेनर, उलट्या, रडणं आणि जमिनीवर कोसळणं असं चित्र सारखं बघितलं तर अर्धा तास चालण्याला कुणी व्यायाम समजणारच नाही.

२०१४ च्या फिनालेला पंधराव्या सीझनची विजेती स्टेजवर आली तेव्हा ट्रेनरच्या चेहऱ्यावरचा धक्का स्पष्ट दिसत होता, ११८ किलोवरून ४८ च्या खाली. पैसा टक्केवारीवर ठेवलाय तर कुणीतरी तिथपर्यंत जाणारच, त्यात त्या मुलीचा काय दोष, नियमच तसा आहे. २०२० मध्ये शो परत आणला तेव्हा नंतरच्या मदतीचं, सपोर्ट ग्रुपचं वगैरे बोलले पण एका सीझनवर गाडी थांबली.

या सगळ्या शोंच्या कितीतरी आधीची, अमेरिकेतली प्रसिद्ध टॉक-शो होस्ट ओप्रा विन्फ्रे हिची गोष्ट मला वेगळी आणि जास्त प्रामाणिक वाटते, जरी सुरुवात तशीच होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये ती आपल्या शोमध्ये साधारण ३० किलो चरबीने भरलेली छोटी लाल हातगाडी ओढत आली, तेवढंच वजन तिने लिक्विड डाएटवर घालवलं होतं. नंतर वजन परत आलं, आणि तिने ते लपवलं नाही, वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर बोलत राहिली. २०२३ च्या शेवटी तिने वजनासाठी औषध घेत असल्याचंही सांगितलं. जगातल्या इतक्या पैसेवाल्या, इतक्या जिद्दीच्या बाईला हे ३५ वर्षं पुरून उरतं, हे बघून मला तरी निराश न वाटता एकदम हलकं वाटलं.

एक्स्ट्रीम मेकओव्हर (२०११ ते २०१५, एबीसी चॅनल) मला बिगेस्ट लूजरपेक्षा बराच बरा वाटतो कारण एका माणसाचं अख्खं वर्ष एका एपिसोडमध्ये दाखवतात, कुणी कुणाला बाहेर काढत नाही, मधले अडकलेले महिने पण थोडे दिसतात. अर्थात वर्ष दोन तासांत बसवल्यावर कंटाळवाणे दिवस कापले जातातच आणि डाएट म्हणजे मुख्यतः ते कंटाळवाणे दिवसच असतात. माय ६००-पाउंड लाईफमध्ये (६०० पाउंड म्हणजे साधारण २७० किलो) वजन कमी करण्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टर आहेत, जुन्या जखमा आहेत, खाण्यामागचं दुःख दाखवतात हे मला पटतं. पण अंघोळ करताना, उठता येत नसताना कॅमेरा जसा फिरतो ते मला बघवत नाही, ती त्या माणसाची इज्जत आहे. आणि ज्याला बारा किलो कमी करायचेत त्याने यातून स्वतःसाठी काही शोधू नये, तो आजार वेगळा, उपचार वेगळा.

एक माहिती जी मला या सगळ्या शोंपेक्षा जास्त उपयोगी पडली: अमेरिकेत १९९४ मध्ये नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री नावाची नोंद सुरू झाली, किमान साडेतेरा किलो कमी करून ते वर्षभर तरी टिकवलेले हजारो लोक त्यात आहेत. ते काय करतात तर बहुतेक जण सकाळी नाश्ता करतात, आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात, रोज सरासरी तासभर हालचाल करतात, जास्त करून चालतात. यावर कुणी एपिसोड काढणार नाही कारण रोज चालणाऱ्या माणसाला बघायला कोण बसेल, पण मी तरी बसेन.

तर बघायचे असतील तर माझी पद्धत सांगते. वजन करण्याचा भाग पुढे ढकलते, सरळ स्किप. माणसांच्या गप्पा, घरचे लोक, का सुरू केलं, कुठे अडकलं हे बघते. डाएटच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणि वजन अडकलेलं असताना बिगेस्ट लूजर अजिबात लावत नाही. ज्यांना पूर्वी उपाशी राहण्याचा किंवा खाऊन ओकण्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी हा प्रकार पूर्ण टाळावा, हे मी हात जोडून सांगते.

मार्क: बिगेस्ट लूजरला पाचपैकी दीड, तो दीड फक्त स्पर्धकांच्या मेहनतीचा. एक्स्ट्रीम मेकओव्हरला तीन. माय ६००-पाउंड लाईफला दोन. कुणी असा शो काढला ज्यात पहिला एपिसोडच वजन कमी झाल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून सुरू होतो, तर पाचपैकी पाच द्यायला मी तयार आहे.