वस्तुमान काढायचं: त्रैराशिकाने की मोलने?

२० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड तयार करायचं आहे. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन किती ग्रॅम लागेल? संतुलित समीकरणात मॅग्नेशियमचे २ अणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू. त्यांची वस्तुमानं ४८ आणि ३२, ऑक्साइडचं ८०. म्हणजे ३ : २ : ५. म्हणून १२ ग्रॅम मॅग्नेशियम, ८ ग्रॅम ऑक्सिजन. त्रैराशिक इथेच संपतं, आणि १२ + ८ = २० असा ताळाही जागच्या जागी मिळतो. ही सोय मला फार आवडते.

मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरावीक संख्येचं एकक; अणूचं किंवा रेणूचं जे वस्तुमान, तितके ग्रॅम म्हणजे एक मोल. वरचं ८० हे ऑक्साइडच्या दोन एककांचं, म्हणून त्याचा एक मोल ४० ग्रॅमचा. हेच गणित मोलने केलं तर २० भागिले ४०, म्हणजे ०.५ मोल ऑक्साइड; त्याला ०.५ मोल मॅग्नेशियम आणि ०.२५ मोल ऑक्सिजन. मग पुन्हा ग्रॅम. उत्तर तेच, पायऱ्या जास्त. शिवाय मधेच आकडा तोडला की घोटाळा होतो. १० ग्रॅम मॅग्नेशियम म्हणजे ०.४१७ मोल, ते ०.४ धरलं तर ऑक्सिजन ६.४ ग्रॅम येतो, खरा लागतो ६.६७ ग्रॅम.

मग मोल कशाला? २.४ ग्रॅम मॅग्नेशियम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचं आहे असं समजा. त्रैराशिक सांगेल, ७.३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागेल. पण बाटलीतलं आम्ल आपण मापाने ओततो. मोलने पाहिलं तर मॅग्नेशियम ०.१ मोल, आम्ल दुप्पट म्हणजे ०.२ मोल, द्रावण लिटरला ०.५ मोलचं असेल तर ४०० मिलिलिटर. हातात थेट माप आलं.

दोन्ही पदार्थांची वस्तुमानं दिलेली असतील तेव्हाही मोलच बरा. १०.८ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ४० ग्रॅम फेरिक ऑक्साइड घेतलं, तर ते ०.४ आणि ०.२५ मोल. गरज २ : १ ची, म्हणजे ऑक्साइड ०.२ मोलच खर्ची पडणार. ८ ग्रॅम उरणार. त्रैराशिकानेही हे निघतं, पण आधी कुठला पदार्थ संपतो ते मोलमध्ये एका नजरेत दिसतं.

फक्त ग्रॅमवरून ग्रॅम काढायचे असतील तर बिनधास्त त्रैराशिक वापरा. पुढे रसायनशास्त्र शिकायचं असेल, तर आतापासूनच मोलची सवय लावा, सुरुवातीला हात जड वाटला तरी. समीकरण मात्र आधी संतुलित करा: ४८ : ३२ ऐवजी २४ : ३२ लिहिलं, तर दोन्ही पद्धती सारख्याच चुकतात.