लुसिटानियावरचा स्टुअर्ड शोधायचा असेल तर: लिव्हरपूलची मोफत ऑनलाइन नोंदवही

7 मे 1915 रोजी यू-20 या जर्मन पाणबुडीच्या एका टॉर्पेडोने न्यूयॉर्कहून परतणारं लुसिटानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 18 मिनिटांत बुडालं. जवळपास 1,200 माणसं गेली. नॅशनल म्युझियम्स लिव्हरपूलच्या वेबसाइटवर त्या फेरीतल्या प्रवाशांची आणि नोकरांची माणसागणिक पानं आहेत. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही.

बड्या प्रवाशांवर इतरत्र भरपूर वाचायला मिळतं. ही नोंदवही उघडायची ती स्टुअर्डांसाठी, म्हणजे प्रवाशांची सरबराई करणाऱ्या नोकरांसाठी. नोकरीवर कधी घेतलं, पगार किती (बऱ्याच पानांवर महिना 4 पौंड 5 शिलिंग), आगाऊ रक्कम किती उचलली, 17 एप्रिलला लिव्हरपूलहून न्यूयॉर्ककडे निघताना जहाजावर किती वाजता हजर झाला, हे सगळं मिळतं. बाकी पगार जहाजाची मालक कंपनी क्युनार्डने घरच्यांना 8 मेपर्यंतचा, म्हणजे जहाज बुडाल्यानंतरच्या 24 तासांपर्यंतचा, चुकता केला. विधवेला विमा संघाकडून किती पेन्शन मिळालं तेही पुष्कळदा असतं. स्टुअर्डाची खरी कमाई बक्षिशीची. ती कुठल्याच वहीत चढत नसे, त्यामुळे निव्वळ पगारावरून घरची परिस्थिती ठरवू नये.

खटकतं ते लिखाण. पगाराची आणि हजेरीची तीच वाक्यं शेकडो पानांवर जशीच्या तशी चिकटवलेली आहेत. चार पानं वाचली की डोळा आपोआप शेवटच्या परिच्छेदावर उडी मारतो, आणि वेगळं काही असलं तर ते तिथेच असतं.

शोधताना ‘स्टुअर्ड’ एवढंच टाकू नका. जेवणाच्या टेबलावर वाढणाऱ्यांची नोंद बहुधा ‘वेटर’ अशी आहे, केबिन सांभाळणारे ‘बेडरूम स्टुअर्ड’मध्ये सापडतात. वय दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरूनच चाला. काही जण खोट्या नावानेही भरती होत.

पडताळणीसाठी लंडनमधल्या ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियमच्या ‘1915 क्रू लिस्ट्स’ची, म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या नोकरीच्या करारनाम्यांची, वेबसाइट बघावी. ब्रिटिश जहाजांचे हे करारनामे तीन ठिकाणी विखुरले आहेत: दहा टक्के नमुना ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पाचावर संपणाऱ्या वर्षांचे ग्रीनिचला आणि उरलेले बहुतांश कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला. 1915 पाचावर संपतं म्हणून ते वर्ष एका जागी आलं आणि स्वयंसेवकांनी ते उतरवून काढलं. जहाजाच्या नावाऐवजी अधिकृत क्रमांक टाका (लुसिटानियाचा 124082), कारण एका नावाची अनेक जहाजं असत. उतरवलेल्या नावावर विसंबू नका, मूळ कागदाचं छायाचित्रही उघडा. हस्ताक्षर वाचताना आडनावं बिघडतात.

गोव्याच्या घरांनी मात्र लिव्हरपूलकडून आशा ठेवू नये. आपली माणसं पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या बोटींवर जास्त. 30 डिसेंबर 1915 रोजी क्रीटजवळ यू-38 ने बुडवलेली ‘पर्शिया’ मुंबईकडेच येत होती. 519 पैकी 343 जण गेले, पण या माणसांसाठी अशी नोंदवही नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या मोफत शोधावर भागवावं लागतं, आणि तिथे बहुतेकदा एकच ओळ हाती लागते: नाव, पद, जहाज, तारीख आणि स्मारक. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या भारतीय नाविकांचं हे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे.

आयोगाच्या या शोधात आडनावापेक्षा मृत्यूची तारीख आधी भरा. फर्नांडिसच्या शेवटी एस आहे की झेड, डिसोझा जोडून लिहिलाय की तोडून, यावर निकाल बदलतो. तारीख बदलत नाही. पदाच्या रकान्यात ‘स्टुअर्ड’ नसून ‘जनरल सर्व्हंट’ असेल तरी तो आपलाच माणूस असू शकतो. आणि शत्रूच्या हल्ल्यात न मरता बोटीवर तापाने गेलेला नोकर या यादीत सहसा मिळणार नाही. व्यापारी जहाजांच्या बाबतीत आयोगाचा नियमच तसा आहे.