बेळगावात साहित्य शिकणारी मुलं: मराठी वाचन आणि कन्नड वाचन

राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी आणि कन्नड, दोन्ही विषयांची मुलं एकाच बसने येतात. पिशवीतली पुस्तकं मात्र वेगळी.

मराठीचा विद्यार्थी मुख्यतः कादंबरी वाचतो. कॉलेजबाहेर त्याला सार्वजनिक वाचनालयाचा आधार आहे आणि हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावसारख्या गावांतल्या साहित्य संमेलनांचा. गावच्या मांडवात लेखकाला समोर बसून ऐकायला मिळणं ही इथल्या मुलांची मोठी श्रीमंती आहे, आणि ती गावकऱ्यांनी जपली आहे.

कन्नडच्या मुलांचं वाचन कानातून सुरू होतं. बसवण्णा, अक्कमहादेवी या संतकवींची वचनं (छोट्या भक्तिपर रचना), कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांच्या कविता त्यांना तोंडपाठ असतात. शिवाय 2010 सालचे ज्ञानपीठ विजेते चंद्रशेखर कंबार याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, त्यामुळे अभ्यासक्रमातली बोलीही घरचीच वाटते. कविता वाचण्याची हीच रीत मला अधिक सकस वाटते. आपल्याकडे तुकोबांचे अभंग वारीत गायले जातात, पण वर्गात ते परीक्षेच्या उत्तरापुरतेच उरतात.

अनुवादाच्या बाबतीत मराठी बाजू भक्कम. कन्नड कादंबरीकार एस. एल. भैरप्पा मराठी घरांत आपलेच झाले, ते उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे. त्याउलट मराठी सहज बोलणारी कितीतरी कन्नड मुलं मराठी पुस्तक हाती घेत नाहीत, आणि रोज कन्नड पाट्या वाचणारी आपली मुलं भैरप्पा मुळातून वाचायचं मनावर घेत नाहीत. लिपी येत असताना हे व्हावं, याचं फार वाईट वाटतं.