सी लिंक बघायचाय: गाडीतून, वांद्र्याहून की दादरहून?

मुंबईत एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर आधी ठरवा: पुलावरून जायचंय की पूल बघायचाय? वांद्रे-वरळी सी लिंकवर पायी, दुचाकीने किंवा रिक्षाने जाता येत नाही आणि गाडी थांबवायलाही मनाई आहे. त्यामुळे मधोमध उतरून फोटो काढायचा बेत सोडून द्या.

गाडीतून जायचं तर कारला एका बाजूचा टोल १०० रुपये. वांद्र्याकडचा केबलचा भाग ६०० मीटरचा. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात तो २७ सेकंदांत संपतो. १२८ मीटर उंच मनोरा जवळ येताना समोरच्या काचेतून बघावा, खिडकीतून नुसत्या केबल सरकताना दिसतात. वरळीहून वांद्र्याकडे येताना डाव्या खिडकीला मोकळा समुद्र असतो, तर वांद्र्याहून जाताना माहीमची खाडी आणि दादरच्या इमारती. आमचं मत, येतानाची बाजू सरस.

पूल पूर्ण बघायचा तर वांद्र्याचा किल्ला. बँडस्टँडच्या टोकाला १६४० चा हा पोर्तुगीज किल्ला आहे. स्टेशनच्या पश्चिमेहून रिक्षा सरळ तिथवर नेते. मोठा मनोरा आणि वरळीकडचा ५५ मीटरचा धाकटा मनोरा इथून एकाच नजरेत येतात. दुपारी चारनंतर ऊन पश्चिमेकडून पुलावर पडतं, तेव्हा केबलचे पंखे सुटे सुटे ओळखता येतात. मात्र अंधार पडेपर्यंत थांबू असं गृहीत धरू नका. गेट बंद व्हायची वेळ आत शिरतानाच विचारून घ्या.

दादरला, चैत्यभूमीजवळ समुद्रावर बांधलेला सज्जा आहे. स्टेशनहून चालत साधारण वीस मिनिटं. इथून पूल पश्चिमेला दिसतो. म्हणजे सकाळी ऊन तुमच्या पाठीशी आणि पूल उजळलेला, संध्याकाळी सूर्य पुलामागे आणि पुलाची नुसती काळी आकृती. सूर्यास्ताचा फोटो हवा असेल तर हीच जागा, पण महिना बघून या: डिसेंबरात सूर्य वरळीच्या बाजूला बुडतो, मे महिन्यात मोठ्या मनोऱ्याकडे सरकतो. हिवाळ्यातल्या धुरक्यात सकाळी मनोऱ्याच्या जागी राखाडी पट्टा दिसतो, आणि ओहोटीला खाडीचा वास येतो. ६ डिसेंबरच्या आसपास मात्र फोटोसाठी इकडे येऊ नये. महापरिनिर्वाण दिनाला लाखो लोक येतात, ते दिवस त्यांचे.

वरळीचा किल्ला पुलाच्या सर्वांत जवळ, पण वाट कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्यांतून. रिक्षा या भागात चालतच नाहीत. टॅक्सी तोंडाशी सोडून चालावं लागतं. जाळी विणणाऱ्यांचे फोटो विचारूनच काढा. म्हातारी माणसं सोबत असतील तर हा बेत नको.

पहिल्यांदाच येत असाल तर चारच्या सुमारास वांद्र्याचा किल्ला गाठा. दादर दुसऱ्या खेपेला. पावसाळ्यात भरतीची वेळ बघून निघा आणि किल्ल्याखालच्या खडकांवर उतरू नका. शेवाळावर पाय ठरत नाही.