भारतीय पासपोर्टवर ‘पतेंत’ मिळत नाही: कझानमध्ये आमची झालेली फसवणूक

रशियन मुलीशी किंवा मुलाशी लग्न करून तिकडे राहायला निघालेल्यांनी तिकीट काढायच्या आधी एक गोष्ट समजून घ्यावी. परदेशी कामगारांना रशियात ‘पतेंत’ नावाचा जो परवाना मिळतो, तो व्हिसाशिवाय तिथे येऊ शकणाऱ्या देशांच्या लोकांसाठी असतो. उझबेक, ताजिक कामगार त्यावरच काम करतात. भारतीयाला व्हिसा लागतो, म्हणून त्याला पतेंत मिळत नाही. कितीही पैसे भरले तरी मिळत नाही. मला मात्र तो विकला गेला.

बायको कझानची. मी गोव्यातल्या मोरजीच्या एका हॉटेलात किचनला होतो, तिथे आमची ओळख झाली. लग्नानंतर 2019 मध्ये सासूबाई आजारी पडल्या आणि आम्ही कझानला गेलो. तिथवर सगळं रीतसर होतं. लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का, घेतलं होतं, त्याचं रशियन भाषांतर नोटरीकडून करून घेतलं, सासूबाईंच्या पत्त्यावर माझी नोंदणी झाली. क्षयरोग, एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या, रशियन भाषा, इतिहास आणि कायद्याची परीक्षाही दिली. मग तात्पुरत्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, म्हणजे ‘एर-वे-पे’साठी अर्ज केला.

अर्जाचा निकाल लागायला काही महिने जातात आणि तोवर काम करता येत नाही. फसवणूक नेमकी या काळात होते. घर बायकोच्या पगारावर आणि सासूबाईंच्या पेन्शनवर चाललेलं, आणि जावई घरात बसून. सासूबाई एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत, पण ताटावर बसताना घास उतरत नसे. तिथे वैद्यकीय शिक्षणासाठी येणाऱ्या आपल्याकडच्या मुलांची कागदपत्रं करून देणारा एक जण होता. अस्खलित मराठी बोलायचा. “दादा, कशाला थांबताय? पतेंत काढून देतो, पुढच्या आठवड्यात कामाला लागा.” त्याने 45,000 रूबल घेतले आणि माझ्या फोटोचं कार्ड आणून दिलं.

त्याची हुशारी पुढे आहे. खऱ्या पतेंतवाल्याला दर महिन्याला ठरावीक कर आगाऊ भरावा लागतो, नाहीतर पतेंत रद्द होतो. हा नियम खरा आहे. मी बाकीच्या कामगारांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, त्यामुळे माझा विश्वास आणखी बसला. तो ‘कर’ हा एजंट माझ्याकडून रोख घ्यायचा आणि छापील पावती द्यायचा. काम त्यानेच लावून दिलं, एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये तंदूरवर. मालक म्हणाला, पहिला महिना ‘स्ताझिरोव्का’, म्हणजे शिकाऊ, पगार नाही. दुसऱ्या महिन्यात अर्धे पैसे हातावर ठेवले, तेही पाकिटातून, कुठेही सही नाही. पुढे तेही थांबले. मी हक्काचे पैसे मागितले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “तुझं पतेंत खोटं आहे. पोलिसांना बोलावू का?”

म्हणजे एजंट आणि मालक पहिल्यापासून एक होते. बायकोने त्याच रात्री रशियाच्या गृह मंत्रालयाच्या साइटवर कार्डाचा नंबर टाकून पाहिला. असा पतेंत नोंदीतच नव्हता.

त्या धमकीत ताकद का आहे, हे बाहेरच्याला लवकर कळत नाही. परवान्याशिवाय काम करताना परदेशी माणूस सापडला तर दंड होतो आणि कोर्ट देशाबाहेर काढू शकतं. एकदा काढलं की किमान 5 वर्षं प्रवेशबंदी आणि एर-वे-पेचा अर्जही फेटाळला जातो. बायको तिकडे, मी इकडे. असे एजंट आणि मालक माणसाचा संसार ओलीस ठेवून त्याला राबवतात, आणि मला याचीच सगळ्यात जास्त चीड आहे. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की तक्रार केली तर चौकशी आधी माझी होईल. आम्ही काम सोडलं, पैसे सोडले.

पुढे एर-वे-पे मिळाला. त्याची सरकारी फी तेव्हा 1,600 रूबल होती. तो हातात आल्यावर कामासाठी वेगळा परवाना लागतच नाही, फक्त ज्या प्रांतात तो मिळाला तिथेच काम करता येतं, माझ्या बाबतीत तातारस्तानमध्ये, कझान त्याच प्रांतात येतं. त्यामुळे कझानच्या कागदांवर मॉस्कोत नोकरी लावून देतो म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. 2024 पासून नियम कडक झाले आहेत. लग्नाच्या आधारावर कोट्याबाहेर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या मर्यादित संख्येत न मोजता, एर-वे-पे हवा असेल तर लग्नाला 3 वर्षं झालेली हवीत किंवा दोघांचं मूल हवं. वाट पाहण्याचा काळ वाढला, तसं एजंटांचं कुरणही वाढलं.

आणि वाचता येत नाही अशा रशियन कागदावर सही करू नका, समोरचा मराठीत बोलत असला तरी. हेल्पर, सिक्युरिटी गार्डची नोकरी म्हणून नेलेली भारतीय मुलं युक्रेनच्या युद्धात पोचल्याचं 2024 च्या सुरुवातीला उघड झालं आणि मार्चमध्ये सीबीआयने एजंटांवर गुन्हा नोंदवला. तुमच्या घरात रशियन वाचणारं माणूस आहे, प्रत्येक कागद आधी त्याच्या हातात द्या.

नोकरी खरी असेल तर मालक कामावर घेतल्यापासून 3 कामाच्या दिवसांत लेखी करार देतो, कायद्याने त्याला तो द्यावाच लागतो. पगार महिन्यातून किमान दोनदा मिळायला हवा. शिकाऊ म्हणून फुकट राबवून घेण्याची मुभा मालकाला नाही. कामावर जाण्याआधी त्याच्याकडून आयएनएन, म्हणजे कंपनीचा कर नंबर घ्या आणि कर खात्याच्या साइटवर टाका. कंपनी कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की बंद पडली आहे, ते तिथे फुकट दिसतं. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर त्या किचनमध्ये पाऊल टाकू नका.