चामखिळीसाठी सहा महिन्यांचं पॅकेज घेत असाल तर आधी हे वाचा

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटावर एकच चामखीळ होती, मसुराएवढी. साइड इफेक्ट नकोत म्हणून होमिओपॅथीच्या क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टर दहा मिनिटं बोलले, काउन्सेलर ताई अर्धा तास. पॅकेज १४ हजार, आजच भरलं तर १२. शंभर टक्के मुळापासून जाणार हे फक्त तोंडी, पावतीवर नुसतं 'कन्सल्टेशन'. भरले मी.

बाटल्यांवर औषधाचं नाव नाही, १, २, ३ असे नंबर. कॉफी, कच्चा कांदा, लसूण बंद. दुसऱ्या महिन्यात नखाच्या कडेला नवीन आल्या, एकाच्या पाच झाल्या, घाबरून फोन केला तर म्हणे छान, औषध लागू पडतंय, आतलं बाहेर पडतंय, आणि स्किनच्या डॉक्टरकडे जाऊन जाळून घेतल्यात तर रोग आत दबेल, पुढे दमा होईल. त्या दम्याच्या भीतीने मी अजून चार महिने गप्प बसले, लेकराच्या जिवाची भीती घातली की आई काय करणार! वाढल्या तरी गुण, कमी झाल्या तरी गुण, मग गुण आला नाही असं म्हणायचं तरी कधी?

शेवटी सिव्हिलला केसपेपर काढला. मॅडम म्हणाल्या हा एचपीव्ही नावाचा व्हायरस, मुलगा नखं कुरतडतो त्याने पसरला, आत दबणं वगैरे काही नसतं. आणि लहान मुलांच्या चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात, आणि श्रेय मात्र गोळ्यांना मिळतं.

क्लिनिकमध्ये भांडून औषधाचं नाव काढून घेतलं, थुजा २००. थुजा हे एक झाड, आणि २०० म्हणजे त्याचा अर्क शंभर पट पातळ करायचा, तेही ओळीने दोनशे वेळा, आणि बारा-तेरा वेळा केल्यावरच मूळ औषधाचा कण उरणं मुश्किल. कॅनडात तळपायाच्या चामखिळींवर थुजा धरून तीन औषधांची ट्रायल झाली होती, १९९२ ला छापून आली, औषध नसलेल्या गोळ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पैसे मागितले तर पॅकेज नॉन-रिफंडेबल, आणि दाखवायला माझ्याकडे गॅरंटीचा एक शब्द लेखी नाही.

आता मॅडमनी दिलेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध रोज रात्री लावतोय, बोट कोमट पाण्यात भिजवायचं, वरची मेलेली कातडी घासायची, आजूबाजूला व्हॅसलिन लावून मग थेंब. (चेहऱ्यावर हे लावू नका, आणि शुगर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.) दोन महिन्यांत तीन गेल्या. नखाजवळच्या दोन चिवट आहेत, दिवाळीपर्यंत नाही गेल्या तर लिक्विड नायट्रोजनने गोठवू म्हणाल्यात.