नेल्सन की डॉइचलँड? १:७०० मधली एकच बोट करायची असेल तर

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एकाच युद्धनौकेचं १:७०० प्रमाणातलं (खरीच्या सातशेव्या भागाएवढं) मॉडेल करायचं, तर ब्रिटनची ‘नेल्सन’ की जर्मनीची ‘डॉइचलँड’, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. शेवटी दोन्ही केल्या. त्या अनुभवावरून सांगतो.

गोष्ट म्हणून पाहिलं तर डॉइचलँड सरस. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला दर बोटीमागे १०,००० टनांचं बंधन घातलं होतं. त्यात ११ इंची सहा तोफा आणि डिझेल इंजिनं बसवायची, शिवाय वजन वाचावं म्हणून वेल्डिंगवर भर. १९२८ च्या निवडणुकीत ‘चिलखती क्रूझरऐवजी मुलांना जेवण’ ही घोषणा गाजली; चिलखती क्रूझर म्हणजे हीच बोट. जिंकलेल्या समाजवादी पक्षाचे चॅन्सेलर म्युलर यांच्या मंत्रिमंडळाने मात्र ऑगस्टमध्ये तीच बोट बांधायला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये पक्षाने बांधणी थांबवायचा ठराव आणला, तेव्हा म्युलर यांना आपल्याच मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध मत द्यावं लागलं. ठराव पडला, बोट झाली. हे वाचून मी तिच्या प्रेमातच पडलो होतो.

पण माझं घोडं अडलं ते नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापाशी. १९४० मध्ये या बोटीचं नाव ‘ल्यूत्सो’ झालं आणि सरळ नाळ काढून पुढे झुकलेली बसवली. माझ्या किटमध्ये ही नंतरचीच नाळ होती. १९३३ ची बोट हवी, म्हणून ती कापली, पुटी (फटी बुजवायचा लेप) भरली, घासली, पुन्हा भरली. तीन रविवार गेले. अजूनही एका बाजूने पाहिलं की रेष किंचित वाकडी दिसते, आणि माझी नजर नेमकी तिथेच जाते. तुमचा हात पुटीवर बसलेला असेल तर कदाचित तुम्हाला हे जाणवणारही नाही.

नेल्सनला हा त्रास झाला नाही. मोठ्या देशांच्या नौदलांना आवर घालणाऱ्या वॉशिंग्टन कराराने १९२२ मध्ये युद्धनौकांसाठी ३५,००० टन आणि १६ इंची तोफा ही कमाल मर्यादा ठरवली. जपानने १६ इंची तोफांची ‘मुत्सु’ ही युद्धनौका राखली, म्हणून ब्रिटनला दोन नव्या बोटी बांधू दिल्या: नेल्सन आणि रॉडनी. ब्रिटनने सुमारे ४८,००० टनांच्या बॅटलक्रूझर (वेगवान मोठ्या युद्धनौका) आधीच मागवल्या होत्या, त्या रद्द झाल्या. मर्यादेत बसायचं तर जाड चिलखताखालची लांबी कमी करायला हवी. म्हणून नऊच्या नऊ मुख्य तोफा पुलाच्या (जिथून बोट चालवतात त्या मनोऱ्याच्या) पुढे, तीन टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या तोफघरांमध्ये.

हे मॉडेलवर उघड दिसतं. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “मागे एकही तोफ का नाही?” आणि मला कराराबद्दल बोलायला मिळतं. डॉइचलँडचं वेगळेपण पोटातल्या डिझेलमध्ये. तिच्याबद्दल अजून कुणी काही विचारलेलं नाही.

नेल्सन घेतलीत तर पुलाचा मनोरा चिकटवण्याआधी तिसरा टरेट नीट फिरतो का ते पाहून घ्या. नंतर तिथे चिमटाही जात नाही.